पहिली ते चौथीच्या मुलांना कॅथलिक संतांची ओळख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या मराठी माध्यमाच्या एका मिशनच्या शाळेत मी प्राथमिकला शिकवते आणि रविवारी सकाळच्या मिस्सानंतर, म्हणजे सामुदायिक उपासनेनंतर, चर्चमध्ये धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. शाळेतल्या वर्गात ख्रिस्ती मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, रविवारी मात्र सगळीच ख्रिस्ती. त्यामुळे एकच गोष्ट आठवड्यातून दोनदा, दोन तऱ्हांनी सांगायची वेळ येते. शाळा सुटताना फाटकापाशी पालक आणि मधल्या सुट्टीत नव्या शिक्षिका जे विचारतात, त्यातलं नेहमीचं इथे उतरवलंय.

सुरुवात कोणत्या संतापासून करावी?

वसईपासून. बहुतेक जणी असिसीच्या फ्रान्सिसपासून करतात, कारण त्याच्याभोवती पक्षी असतात आणि पक्षी रंगवायला सोपे. पण माझं म्हणणं, विरार लोकल जिथे जाते तिथला माणूस आधी सांगावा.

गोन्सालो गार्सिया १५५७ च्या सुमारास वसईत जन्मला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईच्या किल्ल्यात जेझुइट या धर्मसंघाच्या फादरांकडे शिकला, पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला आणि तिथली भाषा शिकला. पुढे व्यापारात पडला, जमही बसला. मग ते सगळं सोडून मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात ब्रदर, म्हणजे पुरोहित नसलेला संन्यासी, झाला. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कनांना जपानी येणारा माणूस हवा होता, म्हणून दुभाषा होऊन पुन्हा जपान. तिथला सत्ताधीश हिदेयोशी ख्रिस्ती लोकांवर उलटला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर मारलं गेलं. त्यांत हा वसईकर होता. ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी त्या सव्वीस जणांना संत जाहीर केलं. भारतात जन्मलेला हा पहिला संत.

मुलांना यातला 'दुभाषा' हा शब्द सगळ्यात जास्त धरून ठेवतो. मी विचारते, "तुमच्यातलं कोण कोण घरी दुभाषा आहे?" आणि निम्मा वर्ग हात वर करतो. कोणी गावाहून आलेल्या आजीला डॉक्टरचं बोलणं समजावतं, कोणी आईला बँकेतला फॉर्म वाचून दाखवतं, कोणी भोजपुरी बोलणाऱ्या शेजारणीचं भाजीवाल्याशी जुळवून देतं. मग जपान लांब राहत नाही.

वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे आणि गास गावात चर्च आहे. सहल काढायची तर किल्ला आणि गास एका दिवसात होतं. फक्त मे महिना टाळा. किल्ल्यात सावली शोधावी लागते.

'संत' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे तुकोबा येतात. गोंधळ होत नाही का?

होतो, आणि तो मला हवाच असतो. आपल्याकडची मुलं आषाढीला डोक्यावर तुळस घेऊन शाळेच्या दिंडीत चाललेली असतात. संत म्हणजे काय, हे त्यांना वरवर का होईना ठाऊक असतं. 'देवाचं नाव घेणारा, गरिबाला हाकलून न देणारा, लोकांनी त्रास दिला तरी न बदलणारा' असं एका मुलीने सांगितलं होतं. यात मी काय भर घालणार?

फरक मात्र सांगावा लागतो. तुकोबांना संत म्हणायला कोणत्या कार्यालयाचा शिक्का लागला नाही, वारकऱ्यांनीच त्यांना डोक्यावर घेतलं. कॅथलिक चर्चमध्ये चौकशी होते, कागद होतात, शेवटी पोप जाहीर करतात. शब्द एक, रीत वेगळी. एवढं तिसरीच्या मुलाला सहज कळतं.

जे करू नये ते मी करून बसले आहे. एका वर्षी भिंतीवर 'जोड्या लावा' असा तक्ता केला, एका बाजूला आपले संत, दुसऱ्या बाजूला कॅथलिक संत, मध्ये बाणांच्या रेघा. दिसायला सुरेख, पण त्यातून कोणाचंच काही कळलं नाही. ज्ञानोबा कोणासारखे, तर कोणासारखेच नाहीत. आता मी फक्त गोष्टी शेजारी ठेवते. नाथांनी काशीहून आणलेल्या कावडीतलं पाणी तहानलेल्या गाढवाला पाजलं ती गोष्ट सोमवारी, आणि फ्रान्सिसने गुब्बियो गावाच्या लांडग्याशी तह केला ती बुधवारी. बाण काढायचे तर मुलं काढतील.

गोष्ट सांगताना 'तो' म्हणावं की 'ते'?

विठ्ठलाला आपण एकेरी हाक मारतो. गोष्टीत 'तो', फळ्यावर लिहिताना 'संत अमुक यांनी'. मुख्याध्यापिका सिस्टर वर्गात आल्या असतील तर सगळीकडे 'ते'.

एखादी व्यक्ती संत आहे हे कोण आणि कसं ठरवतं?

माणूस गेल्यावर साधारण पाच वर्षं थांबतात. मग तो जिथे वारला तिथले बिशप चौकशी सुरू करतात. त्याची पत्रं वाचतात, ओळखणाऱ्यांच्या साक्षी घेतात, वाईट बोलणाऱ्यांच्यासुद्धा. फाइल रोमला जाते. पायऱ्या चार : देवाचा सेवक, आदरणीय, धन्यवादित, संत. 'धन्यवादित' व्हायला त्या व्यक्तीच्या मध्यस्थीने झालेला एक चमत्कार तपासून मान्य व्हावा लागतो, संत व्हायला आणखी एक. श्रद्धेसाठी जीव दिलेल्यांना पहिल्या चमत्काराची अट नसते. मदर तेरेसा ५ सप्टेंबर १९९७ रोजी गेल्या, २००३ मध्ये धन्यवादित झाल्या, ४ सप्टेंबर २०१६ रोजी संत. हे वेगाने झालं असं म्हणायचं, कारण गोन्सालोला २६५ वर्षं लागली. हे गणित मी चौथीला वजाबाकीच्या तासाला घालते.

पूर्वी असं नव्हतं. पहिल्या हजार वर्षांत बहुतेक ठिकाणी लोकच ठरवत, म्हणजे थोडंफार वारकऱ्यांसारखं.

नावाची पाटी नसलेल्या संतांसाठी १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस आहे. माझ्या रविवारच्या वर्गात तो सगळ्यांचा आवडता, कारण त्यात आपली मेलेली आजी बसते का, असं विचारता येतं. बसू शकते.

कॅथलिक लोक संतांची पूजा करतात का?

शिकवण अशी की आराधना फक्त देवाची, संतांना मान द्यायचा आणि 'आमच्यासाठी देवाकडे शब्द टाका' म्हणायचं. चाळीतली मुलं हे पटकन समजतात. बाबांकडे थेट मागायची हिंमत नसेल तर आजीला मध्ये घालतो, तसं. उदाहरण नेमकं नाही, देव काही रागीट बाबा नव्हे, पण सुरुवातीला चालतं.

बोलीत मात्र सगळे 'मोतमाउलीची', म्हणजे बांद्र्याच्या माउंट मेरीची, 'पूजा' म्हणतात, आणि सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं, बाळं वाहायला बांद्र्याच्या टेकडीवर जी गर्दी चढते तिच्यात सगळ्या धर्मांची माणसं असतात. माहीमच्या सेंट मायकलच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाच्या प्रार्थनेलाही तेच. मी कोणाची भाषा दुरुस्त करत बसत नाही. फक्त रविवारच्या वर्गात शब्द नीट वापरते.

ओघात आलं म्हणून सांगते, मायकल हा माणूस नव्हेच. तो महादूत, म्हणजे मोठा देवदूत. त्याचा वाढदिवस कधी, असं मुलं विचारतात तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

वर्गात हिंदू, मुस्लिम, बौद्ध मुलं आहेत. त्यांना हे शिकवणं चालतं का?

गोष्ट सांगणं आणि धर्मशिक्षण देणं यात फरक आहे आणि तो शिक्षिकेने स्वतःशी स्पष्ट ठेवावा. संविधानाचं २८ वं कलम सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत दिलं, तर कोणाला त्यात भाग घ्यायला लावता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असल्याने पालकांची संमती लागते. अल्पसंख्याकांच्या शाळेलाही हे लागू आहे.

माझ्यापुरती कसोटी साधी आहे. 'फ्रान्सिस आपल्या श्रीमंत वडिलांचं घर सोडून गेला' हे मी सगळ्यांना सांगते. 'चला, फ्रान्सिसकडे प्रार्थना करू या' हे फक्त रविवारी. कोणाच्या आईला गोष्टसुद्धा नको असेल तर ते मूल त्या वेळात वाचनपेटीतलं पुस्तक वाचतं. त्यावरून त्याच्याकडे डोळे वटारून पाहायचं नाही. हे मी अनुभवाने लिहितेय. एका शाळेत असं डोळे वटारणं मी पाहिलंय, आणि त्या मुलीने वर्षभर तोंड उघडलं नाही तेही.

उलट बाजूही सांगते. बरेच पालक स्वतःहून म्हणतात, "सांगा बाई, चांगलंच आहे ना." त्यांच्या घरी टीव्हीवर साईबाबा आणि पाकिटात माउंट मेरीचं चित्र एकत्र नांदत असतं.

बाण, तलवार, कापलेले कान. लहान मुलांना हे कसं सांगायचं?

यावर मी सगळ्यात जास्त अडखळले आहे. कॅथलिक चित्रं बघा : सेबॅस्टियन बाणांनी भरलेला, ल्युसीच्या हातात ताटलीत डोळे, बार्थोलोम्यूच्या हातात सुरी. मोठ्यांना सवय झालेली असते. पहिलीतलं मूल ताटलीतले डोळे घेऊन झोपायला जातं.

मी वयाचा विचार असा करते. पहिली-दुसरीला मरण एका वाक्यात, तपशील शून्य : 'राजाला ते आवडलं नाही, त्याने त्याला मारलं.' मुलं घाबरत नाहीत, घाबरतात ते कशाने मारलं हे रंगवून सांगितल्यावर. शिवाय मरणाआधीचा भाग जास्त गोष्टीसारखा असतो. लॉरेन्सचं पाहा. रोममध्ये २५८ साली अधिकाऱ्यांनी त्याला चर्चचा खजिना आणून दे म्हटलं, तेव्हा तो गावातले गरीब, आंधळे, लंगडे घेऊन हजर झाला आणि म्हणाला, हाच आमचा खजिना, अशी परंपरा आहे. मुलं यावर खो खो हसतात, अधिकाऱ्याची फजिती झाली म्हणून. पुढे त्याला शेगडीवर भाजून मारलं असं सांगतात, ती शेगडी चौथीपर्यंत न आली तरी काही बिघडत नाही.

सेबॅस्टियनची एक गंमत पुष्कळ मोठ्यांनाही ठाऊक नसते. परंपरेप्रमाणे तो बाणांनी मेलाच नाही. आयरीन नावाच्या बाईने त्याची शुश्रूषा केली, तो बरा झाला आणि पुन्हा राजासमोर जाऊन उभा राहिला. चित्रकारांनी बाणच धरून ठेवले. मी वर्गात आयरीनला पुढे आणते. तिच्या हातात मलमाची वाटी देऊन चित्र काढायला सांगितलं तर मुलं सेबॅस्टियनला बँडएड लावतात.

मोठ्या मुलांना 'रक्तसाक्षी', म्हणजे श्रद्धेसाठी जीव देणारा, हा शब्द द्या. त्याआधी हुतात्मा चौक द्या. १०६ हुतात्म्यांचं नाव त्यांनी १ मेच्या भाषणांत ऐकलेलं असतं. आणि गोन्सालोबरोबरच्या सव्वीस जणांत लुई इबाराकी हा बारा वर्षांचा मुलगा होता, हे चौथीच्या आधी सांगू नका. आपल्याच वयाचं मूल मेलं हे ऐकून वर्ग एकदम गप्प होतो. त्या गप्पपणाला वेळ देता येणार असेल तरच सांगा, घंटा व्हायला पाच मिनिटं असताना नको.

एक आजची गोष्टही सांगते. मध्य प्रदेशात शेतकऱ्यांमध्ये काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांचा १९९५ मध्ये खून झाला. त्यांच्या धाकट्या बहिणीने पुढे तुरुंगात जाऊन खुन्याला राखी बांधली. २०१७ मध्ये इंदूरला राणी मारिया धन्यवादित झाल्या. राखीपौर्णिमेच्या आठवड्यात मी ही चौथीला सांगते आणि नंतर काहीही विचारत नाही.

ड्रॅगन खरा होता का? चमत्कार खरे आहेत का?

'असं सांगतात' हे दोन शब्द वापरायला शिका. जॉर्जने ड्रॅगन मारला असं सांगतात. ख्रिस्तोफरने खांद्यावरून बाळ येशूला नदीपार नेलं असं सांगतात. फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो गावात ख्रिसमसला गोठा मांडला, हे मात्र त्या काळी लिहून ठेवलेलं आहे. दोन्ही गोष्टी सांगा, पण एकाच सुरात नको. १९६९ मध्ये चर्चने आपल्या पंचांगात सुधारणा केली तेव्हा ख्रिस्तोफरचा सण सर्वसाधारण पंचांगातून निघाला. तो संत म्हणून रद्द झाला, असं जे टॅक्सीवाले सांगतात ते चूक.

चमत्कारांबद्दल शाळेत विचारलं तर 'कॅथलिक लोक असं मानतात'. रविवारी विचारलं तर 'आपण असं मानतो'. विज्ञानाच्या बाईंना मध्ये ओढू नये, त्यांना त्यांचे तास पुरतात.

सगळे संत गोरे का?

चित्रं युरोपात काढली म्हणून. हा प्रश्न मला दुसरीतल्या मुलाने विचारला आणि दुसऱ्याच दिवशी मी भिंतीवरची रांग बदलली. पेरूचा मार्टिन द पोरेस आला, झाडू घेतलेला. आई पूर्वीची गुलाम, जन्म लिमात १५७९ चा, मठात लोकांची दाढी करणारा आणि औषधपाणी बघणारा. १९६२ मध्ये संत झाला. सुदानची जोसेफिन बखिता आली. लहानपणी पळवून गुलाम म्हणून विकलेली, पुढे इटलीत सिस्टर, २००० साली संत. केरळच्या अल्फोन्सा आल्या, २००८ मध्ये संत झालेली पहिली भारतीय स्त्री. गोव्यात जन्मून श्रीलंकेत राबलेले जोसेफ वाझ आले. तमिळ मुलुखातले देवसहायम आले, २०२२ चे. आता फ्रान्सिस एका कोपऱ्यात आहे, पक्ष्यांसकट.

फ्रान्सिस झेवियरबद्दल मुलाने घरी वेगळंच ऐकलं असेल तर?

वर्गात सांगण्यासारखं भरपूर आहे : ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला, रस्त्याने घंटा वाजवत पोरं गोळा करायचा आणि त्यांना गाण्यांतून शिकवायचा, ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या दारातल्या बेटावर वारला. घंटा आणलीत तर वर्ग तुमचा.

पण एखादा पालक म्हणतो, गोव्यातल्या इन्क्विझिशनचं, म्हणजे श्रद्धेविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचं, काय? झेवियर यांनी ती मागितली होती, १५४६ च्या पत्रात, पोर्तुगालच्या राजाकडे. ती सुरू झाली १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. हे दोन्ही खरं आहे. प्राथमिकच्या मुलाला हे शिकवायची गरज नाही, पण त्याने विचारलं तर 'खोटं आहे' म्हणून त्याचं तोंड बंद करायचं नाही. 'संतही चुकीची गोष्ट मागू शकतो' एवढं मी सांगते. आमच्यातल्या काही जणींना हे आवडत नाही.

'बघ, संत कसे शहाणे होते' असं सांगून मुलं सुधारतात का?

नाही. कार्लो अक्युटिसचं बघा. १९९१ साली लंडनमध्ये जन्मलेला, मिलानमध्ये वाढलेला, पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेला, जीन्स आणि बूट घालणारा, संगणकावर वेबसाइट करणारा. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत झाला. मुलं खूश. आणि आया लगेच, "तो आठवड्यातून एकच तास व्हिडिओ गेम खेळायचा, तू?" झालं, कार्लो नावडता.

त्यापेक्षा ऑगस्टीन सांगा. पोरांबरोबर रात्री दुसऱ्याच्या झाडाचे पेअर चोरले, भूक नसताना, आणि चाळिशी ओलांडल्यावर बसून ते लिहून काढलं. इथे पेअरच्या जागी कैऱ्या म्हटलं तरी चालतं. इग्नेशियस हा रुबाब मिरवणारा सैनिक होता, १५२१ मध्ये तोफगोळ्याने पाय मोडला तेव्हा खाटेवर पडून वाचायला लागला. येशूचा शिष्य पेत्र याने येशूबद्दल तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हटलं.

अँथनीकडे हरवलेली वस्तू मागितली तर सापडते का?

१३ जूनला त्याचा सण आणि त्याच सुमारास शाळा उघडतात, म्हणजे कंपासपेटी, छत्री आणि डबा हरवायचा मोसम. मुलं मागतात, कधी सापडतं. सापडलं नाही तर अँथनीवर रुसू देते. सौदा करू देत नाही : 'कंपास दे, मग मेणबत्ती लावतो.' त्याच्या नावाने गरिबांना पाव वाटायची जुनी रीत आहे, ती मात्र डबा न आणलेल्या मुलासाठी आम्ही पाळतो.

संतांच्या वेशभूषेचा दिवस कधी ठेवावा, आणि काय घालावं?

१ नोव्हेंबर शाळेत पुष्कळदा दिवाळीच्या सुट्टीत जातो, म्हणून सुट्टीआधी किंवा थेट डिसेंबरात. मुलींत सात-आठ मदर तेरेसा येतात, पांढऱ्या ओढणीला निळ्या पट्ट्या चिकटवून. घरी सांगून ठेवा की विकत काही आणायचं नाही. फ्रान्समधल्या तूर गावचे मार्टिन फार सोपे : कोणतंही लाल कापड, कारण त्याने थंडीत आपला झगा अर्धा कापून भिकाऱ्याला दिला. मुंबईच्या मुलाला थंडी माहीत नाही म्हणून मी एकदा झग्याऐवजी छत्री म्हटलं. "बाई, अर्धी छत्री दोघांच्याही कामाची नाही," हे उत्तर मिळालं. रेनकोटनेही तेच होतं. झगाच ठेवा.

वर्गात प्रोटेस्टंट मुलं असली तर?

ती येशूला मानतात, संतांकडे प्रार्थना करत नाहीत. 'आमच्या चर्चमध्ये पुतळे नाहीत' असं एखादं मूल म्हणालं तर 'बरोबर' म्हणून पुढे जायचं.

परीक्षा घ्यावी का?

नको.

मग गृहपाठ तरी काय द्यावा?

घरून शाळेत येताना दिसलेली संतांची नावं लिहून आणा. सेंट जॉर्ज रुग्णालय, सेंट झेवियर्स कॉलेज, बांद्र्याचं सेंट अँड्र्यू, गल्लीतला सेंट अमुक क्लास. दर वर्षी कोणीतरी सांताक्रूझ लिहितं आणि हा क्रूझ कोण होता म्हणून विचारतं. कोणीच नाही. पोर्तुगीज भाषेत सांता क्रूझ म्हणजे पवित्र क्रूस. आणि गेल्या वर्षी एका मुलाने महंमद अली रोडवरच्या अत्तराच्या दुकानाचं नाव लिहून आणलं, कारण तिथे, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, 'सगळ्या प्रकारचे सेंट' मिळतात. मी बरोबरची खूण केली.